राजाराणीची जन्मतारीख

सरस्वतीपुरम, म्हैसूर
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

प्रिय तुळसी,

फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला मी "ह्यांना ताप आलाय" म्हटलं आणि तू पलीकडून "मलाही अर्धा किलो ठेव" म्हणालीस. कानाचं यंत्र तू लावणार नाहीस, ओरडून बोलणं मला जमणार नाही. तेव्हा शाळेच्या सुट्टीत लिहायचो तसं कागदावरच बरं.

माझं खातं गेलं. बँकेचं नव्हे, घाबरू नकोस. फोनमधलं, ज्याच्यावर मी बाहुल्यांचे फोटो टाकते ते. तुला ह्यातलं काही कळत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

लग्नात आईनं दिलेली लाकडी राजाराणीची जोडी, आपली पट्टद गोंबे, नवरात्रात सगळ्यांत वरच्या पायरीवर बसते ना, तिचे कपडे पन्नास वर्षांत विरून जातात. काठाची जर काळी पडते. लोक मला त्या जोड्या पार्सलनं पाठवतात. मी नवे कपडे शिवते, मोत्यांचे दागिने करते, रंग उडाला असेल तर बारीक कुंचल्यानं भरते आणि परत पाठवते. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग माझा, अर्धा ह्यांच्या पेपरचा. गिऱ्हाईक सगळं त्या खात्यावरूनच येतं. 'राजाराणी, म्हैसूर' असं खात्याचं नाव आहे. तिथंच फोटो, तिथंच बायकांशी बोलणं, तिथंच त्यांचे पत्ते.

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी खात्यानं मला जन्मतारीख विचारली. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, मुलींनो, फॉर्ममध्ये खोटं लिहायचं नाही. मी चष्मा लावून विचार केला. खातं माझं नाही, राजाराणीचं आहे. मग माझी तारीख देणं खोटंच की. राजाराणीचं काम मी २०१९ च्या विजयादशमीला सुरू केलं, ती तारीख नीट आठवत होती. आठ ऑक्टोबर. ती घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खातं बंद. निरोप असा, की तुमचं वय पाच वर्षं दहा महिने आहे, तेरा पूर्ण झाल्याशिवाय इथं येता येत नाही. म्हणजे २०३२. तेव्हा मी बहात्तर वर्षांची असेन, तुळसी.

हे पेपरमागून म्हणाले, "सर्व्हर डाऊन असेल." रेल्वे वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढली, तिथं सर्व्हर काय होता देव जाणे, पण निवृत्त झाल्यापासून काहीही बिघडलं की हे एवढंच म्हणतात. परवा आमटी नासली तेव्हाही म्हणाले.

हसू नकोस. आत्ता घरात अकरा जोड्या आहेत. अकरा घरांतल्या आयांनी मुलींना दिलेल्या. सात तयार आहेत, चार व्हायच्या आहेत. बावीस सप्टेंबरला नवरात्र बसतं, त्याच्या आधी सगळ्या घरी पोचायला हव्यात. आणि एकीचाही पत्ता माझ्याकडं कागदावर नाही. पावनीनं हैदराबादहून शंभरदा सांगितलं होतं, अम्मा, एक वही कर. मी तिला म्हणायची, सगळं फोनमध्ये आहे ग. आता तिला कुठल्या तोंडानं सांगू? तूही सांगू नकोस.

तुला शाळेत पत्रलेखनाचं बक्षीस मिळालं होतं, मला आठवतंय, निळ्या पुठ्ठ्याची डायरी. त्या कंपनीला लिहायला एक चांगलासा अर्ज करून दे.

आणि ह्या वर्षी तरी बाहुल्या मांड. दामोदरराव जाऊन तीन वर्षं झाली. पायऱ्या माळ्यावर कुजतील.

तुझी,
जयलक्ष्मी

पिरियापट्टण
रविवार, २४ ऑगस्ट

जये,

पत्र मिळालं. मी अर्धा किलो काय ठेवायला सांगितलं होतं ते कळेना. तू मेतकूट केलं असशील असं वाटलं असेल. केलं असशील तर ठेव.

पासष्ट वर्षांच्या बाईनं आपलं वय पाच सांगितलं आणि लोकांनी विश्वास ठेवला. आपल्या वर्गात कुणालाच एवढं जमलं नव्हतं. पॉलीननं आयुष्यभर फक्त चार वर्षं कमी केली.

अर्ज सोबत जोडला आहे. त्यात विषय, संदर्भ, तीन परिच्छेद आणि शेवटी विनंती, सगळं सिस्टरच्या पद्धतीनं आहे. इंग्रजी तूच तपास, पण "आय बेग टू स्टेट" काढू नकोस. ते असल्याशिवाय अर्ज वाचत नाहीत.

ह्या फोनमधल्या गोष्टींचं मला विचारू नकोस. माझ्या मोबाइलचा उपयोग गजराला, तोही ऐकू येत नाही. पण एवढं मलाही कळतं, की दुसऱ्याच्या आईची वस्तू घरात घेताना नावगाव लिहून ठेवतात. आपल्या शाळेत इस्त्रीवालासुद्धा लिहायचा.

जोड्या नीट झाकून ठेव. झुरळं चिकट खातात.

बाहुल्या मांडून कुणाला दाखवू? संकर्षण बँकेतून आठ वाजता येतो आणि सूनबाईला, शरण्याला, त्यातलं काही ठाऊक नाही. तो विषय नको.

तुळसी

म्हैसूर
सोमवार, १ सप्टेंबर

प्रिय तुळसी,

अर्ज पाठवला. अर्ज वाचून हे म्हणाले, "ह्या बाईला पेन्शन का देत नाहीत?" आधार कार्डाचा फोटोही जोडला.

चार मिनिटांत उत्तर आलं. "तुमची अडचण आम्ही समजू शकतो. आम्हांला खेद वाटतो." बरं वाटलं ग. एवढ्या मोठ्या कंपनीत कुणीतरी बसून चार मिनिटांत आपलं वाचलं. मी लगेच आभार मानले, गौरीहब्बाच्या शुभेच्छा दिल्या, आणि आपलं नाव कळलं तर बरं होईल असं लिहिलं. पुन्हा उत्तर, "तुमची अडचण आम्ही समजू शकतो." मी लिहिलं, कामाचा ताण दिसतोय, वेळेवर जेवत जा. "आम्हांला खेद वाटतो." असं नऊ वेळा झालं. मग वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मृण्मयी आली. नाशिकची आहे, दोन वर्षं झाली इथं येऊन, दिवसभर घरातूनच कंपनीचं काम करते. तिनं बघितलं आणि म्हणाली, "काकू, हे मशीन आहे. तिकडे कुणीच नाही." तिचं मराठी कसं धुतल्यासारखं स्वच्छ, ऐकत राहावं. पण हे ऐकून दिवसभर उदास वाटलं. जेवत जा असं मी मशीनला सांगत होते.

मग ते म्हणाले, चेहरा दाखवा. फोन समोर धरून उजवीकडं वळा, डावीकडं वळा, वर बघा. मी वळले. मागून हे विचारतायत, "कुणाला नाही म्हणतीस?" तीन वेळा केलं. निर्णय आला की चेहरा खात्यातल्या फोटोंशी जुळत नाही. कसा जुळेल? खात्यात चारशे फोटो आहेत, सगळे राजाराणीचे. मी लाकडी असते तर जमलं असतं.

पण एक चांगली बातमी. राजाच्या पगडीला आत पुठ्ठा लागतो. तो मी जोडी आल्या दिवशीच तिच्याच खोक्याचा कापून ठेवते, उरलेलं खोकं रद्दीत जातं. एकाचा दुसऱ्याला लावत नाही, ही माझी सोवळ्यातली सवय, पावनी नेहमी हसायची. गुरुवारी एका पगडीचा टाका निसटला, आत पाहते तर निळ्या शाईत "दुसरा क्रॉस". म्हणजे कुणाच्या तरी गल्लीचा पत्ता! मग तयार झालेल्या सातही पगड्या उसवल्या. मोती वाटीत काढत होते तर ह्यांनी वाटीत बोट घालून विचारलं, साबुदाणा का? तीन पगड्यांत पूर्ण पत्ते निघाले. एकीत फक्त "नाजूक वस्तू, सावकाश". एकीत मिक्सरची जाहिरात. एकीत "प्रति, सौ." आणि पुढं कात्री. सातवीत काही नाही, आणि व्हायच्या चार जोड्यांसाठी कापलेल्या तुकड्यांवरही नाही.

तीन जोड्या कालच घरी गेल्या. आता आठ राहिल्या. त्या आठ कुणाच्या ते मला तोंडपाठ आहे, पण पत्त्यानं नाही. एकीची आई बाळंतपणात गेली, ही जोडीच काय ती आठवण. एकीची मुलगी ह्याच वर्षी लग्न होऊन जाणार. एकीनं लिहिलं होतं, माझ्या सासूबाई बोलत नाहीत, पण राणीकडं बघून हसतात. सगळं त्या खात्यात लिहिलेलं होतं. सहा वर्षं रोज सकाळी मी आधी ते वाचायची, मग देवपूजा. खरं सांगते, देवाला माहीत आहे.

तुझी,
जयलक्ष्मी

पिरियापट्टण
शुक्रवार, ५ सप्टेंबर

जये,

तू पाच वर्षांची आहेस असं त्यांचं म्हणणं आहे ना. मग भांडतेस कशाला? पाच वर्षांच्या मुलाच्या वतीनं पालक अर्ज करतो. तिरुमलरावांना पालक कर आणि त्यांची सही घे. नाहीतरी त्यांना पेपरखेरीज काही काम नाही.

दुसरं म्हणजे, तू मशीनला जेवत जा म्हणालीस हे मी कुणाला सांगणार नाही. शरण्याला सांगितलं, पण ती घरातलीच.

ज्या आठ राहिल्या त्यांत पिवळ्या खोक्यातून आलेली जोडी आहे का? सहज विचारते. आणि तुझ्या त्या मोरपंखी शालूवाल्या राणीचा फोटो फार छान आला होता, दोनशे बारा लोकांना आवडला होता, तसा फोटो बाकीच्यांचाही काढून ठेव. पुढंमागं ओळख पटवायला लागेल.

काळजी करू नकोस. एवढ्या बायका आहेत जगात, कुणीतरी काहीतरी करेल.

तुळसी

म्हैसूर
मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय तुळसी,

ह्यांनी पालक म्हणून सही केली. कंपनीनं मुलाच्या जन्माचा दाखला मागितला. हे म्हणाले, नगरपालिकेत ओळख आहे, बघू का? मी नको म्हटलं. ह्या वयात तेवढंच राहिलंय.

मृण्मयीनं दुसरं खातं उघडून बघितलं. तासाभरात तेही बंद झालं. त्यांनी म्हणे फोन ओळखला. ती म्हणाली, "काकू, आपण पेपरात जाहिरात देऊ या." जाहिरातीत काय लिहिणार? आठ राजे आणि आठ राण्या सापडल्या आहेत, ओळख पटवून न्याव्यात?

बाकीच्या चार जोड्याही पूर्ण केल्या. हात थांबत नाहीत. आठही सोफ्यावर ओळीनं बसवल्यात, हे टोकाला अंग चोरून बसतात. तेरा दिवस राहिले. काल स्वयंपाक करताना वाटलं, ही जोडी बावीस तारखेला इथंच राहिली, तर त्या घरात वरची पायरी रिकामी राहील. लहान मुलं विचारतील. त्या बाईला वाटेल, ओळखीपाळखीची नसलेल्या बाईवर विश्वास ठेवला आणि आईची एकच वस्तू घालवली. मला झोप लागते, तसं काही नाही, पण सकाळी उठले की पहिलं हेच.

आणि तुळसी, सुम्ने, तुझ्यासारखंच सहज, एक विचारते. माझ्या फोटोला दोनशे बारा लोक, हे तुला कुणी सांगितलं? गजरानं?

तुझी,
जयलक्ष्मी

म्हैसूर
सोमवार, १५ सप्टेंबर

प्रिय तुळसी,

काल आमच्या घरी पोलीस आले.

आता हे पत्र बसून वाच, आणि उत्तर देण्याची घाई करू नकोस, कारण मी सांगते आहे त्यातलं बरंच तुला ठाऊक आहे असा मला संशय आहे.

रविवारी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक महिला कॉन्स्टेबल, सुप्रीता नाव, पावनीपेक्षाही लहान. तिच्यामागं सात बायका. त्यांच्यामागं दोन नवरे आणि एक वकील, तो कुणाचा तरी दीर. समोरच्या गच्चीवर शेजारीपाजारी.

सुप्रीता म्हणाली, "अम्मा, बाहुल्या घेऊन फरार झालेल्या जयलक्ष्मी तुम्हीच का?"

मी म्हटलं, "फरार कुठं? चहा ठेवत होते."

झालं होतं असं. म्हैसूरच्या गृहिणींचा फोनवर एक मोठा गट आहे. त्यात रम्या नावाच्या कुणा बाईनं लिहिलं की 'राजाराणी, म्हैसूर' ह्यांच्याकडं दिलेल्या बाहुल्या ज्यांना परत मिळाल्या नाहीत त्यांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन खाली लिहावा. एवढंच लिहिलं होतं, मृण्मयीनं मला दाखवलं. पण खाली दीडशे बायकांनी लिहिलं. त्यातल्या सातच आपल्या. बाकीच्यांनी कधी बाहुली बघितली नव्हती, पण राग होता. एकीच्या कुकरचं झाकण दुसऱ्याच दुकानातून हरवलं होतं, तिनं तेही लिहिलं. कुणीतरी "फसवणूक" म्हटलं, कुणीतरी आमच्या घराचा फोटो टाकला. आमची कुंपणावरची जास्वंद त्यात फार सुंदर आली आहे.

मी दार पूर्ण उघडलं. "आत या," म्हटलं, "चपला बाहेर काढा."

त्या आत आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. सोफ्यावर आठ राजे, आठ राण्या, आणि टोकाला पेपर घेऊन तिरुमलराव. मग कुवेंपुनगरची एक बाई, सगळ्यांत जास्त तीच तावातावानं आली होती, हळूच पुढं गेली, एका राणीला उचललं आणि म्हणाली, "ही आमची. पण आमची इतकी सुंदर नव्हती." आणि तिथंच रडायला लागली. तिला बघून दुसरी. वकील बाहेर जाऊन जास्वंद बघत उभा राहिला.

हे मात्र शांतपणे म्हणाले, "सर्व्हर डाऊन होता हो." आणि तुळसी, त्या सातही जणींनी मान हलवली. त्यांना लगेच पटलं. मी महिनाभर जन्मतारखेचं कसं समजावून सांगावं ह्याची चिंता करत होते.

सगळ्यांना चहा आणि कोडबळे दिले. सुप्रीता बसली नाही, ड्यूटीवर होती, पण जाताना दारात थांबून विचारलं, "अम्मा, माझ्या आजीची जोडी आहे, हात तुटलाय, होईल?" मी वही काढली. हो, वही केली आहे. पावनीचा फोन आलाच, तिची कुणी मैत्रीण त्या गटात होती. पाच मिनिटं ती नुसती हसत होती, मग म्हणाली, "वही, अम्मा." मी म्हटलं, आणली.

सात जोड्या घरी गेल्या. एक राहिली. रम्याची.

आता ऐक. गटातल्या त्या निवेदनावर उजव्या कोपऱ्यात तारीख होती, खाली "विषय" होता, तीन परिच्छेद होते, आणि शेवटी "कळावे, लोभ असावा". जगात फोनवर असं लिहिणारी एकच बाई आहे आणि तिला निळ्या पुठ्ठ्याची डायरी मिळाली होती.

पण तुला वाटत असेल की ह्यावरून ओळखलं, तर तसंही नाही. जुलैत पिवळं खोकं उघडलं तेव्हाच ओळखलं होतं. राजाच्या डाव्या कानाचा टवका उडाला आहे आणि तिथं मेण भरलंय. तुझं लग्न सोसल्याच्या मठात होतं, तिथं बसमधून उतरताना ती पेटी माझ्याच हातून पडली होती. शाळेच्या चॅपेलमधली अर्धी मेणबत्ती माझ्या पिशवीत होती, तिचं मेण मी मठाच्या ओसरीवर बसून भरलं. तुझ्या आईला अजून ठाऊक नाही, देव तिला सुखात ठेवो. तेव्हा मी तुला अकरा पत्ते हरवले लिहिलं ते खोटं होतं. दहाच हरवले होते. सिस्टरना काय वाटेल ते वाटो.

तू काही बोलली नाहीस म्हणून मीही बोलले नाही. पण तुझी ऑर्डर मला पाठ आहे. "राजाला नीट सजवावे. राणीला फिकट, साधे काही नेसवावे. दागिने, कुंकू नको." असं कुणी राणीचं सांगतं का, तुळसी? सहा वर्षांत मी गिऱ्हाइकाचा शब्द मोडला नव्हता. तुझा मोडला. ती हिरव्या शालूत आहे, लाल काठ, नथ, बाजूबंद, कपाळभर कुंकू. राजाचंही थोडं माझ्या मनानं केलं आहे. ऑर्डर न पाळणारी बाई म्हणून खुशाल दुसरं निवेदन लिही.

शनिवारी सकाळच्या बसनं दोघांना घेऊन येते. पार्सलनं पाठवणार नाही.

तुझी,
जयलक्ष्मी

पिरियापट्टण
बुधवार, १७ सप्टेंबर

जये,

पत्र आजच मिळालं. हे उत्तर तुला शनिवारच्या आत मिळावं म्हणून संकर्षणला उद्या ऑफिसला जाण्याआधी पोस्टात पाठवते आहे.

फोन माझ्याकडं आहे. आहे म्हणजे आहे. हे गेल्यावर दुपारी घर फार मोठं वाटायचं, ऐकू तर काही येत नाही, बघायला तरी काहीतरी हवं. तुझे चारशेही फोटो मी पाहिले आहेत. रम्या ही आमच्या सासऱ्यांची गाय होती, नाव सुचेना म्हणून तेच दिलं. निवेदनात मी कुठंही फरार म्हटलेलं नाही, नीट वाच. पत्ते गोळा करायचे होते, ते झाले. पोलिसांचं मला माहीत नव्हतं. झोप उडाली माझी ते वाचून. क्षमा कर.

नाव लपवलं कारण तू पैसे घेतले नसतेस. हे एक कारण झालं.

दुसरं, मला लाज वाटली. तीन वर्षं ती जोडी पेटीत होती. उघडली तर राणीचं लुगडं हातात आलं, चिंध्या. तिला तसं ठेववेना. पण ह्या वयात, ह्या स्थितीत, बाई बाहुल्या सजवायला पाठवते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? शरण्या काही म्हणायची नाही. पण पहिल्या दिवशी बेट्टदपूरच्या वन्सं येतात. ह्यांच्या थोरल्या बहीण, ब्याऐंशी वर्षांच्या, डोळे अजून सुईत दोरा ओवण्याइतके. दरवर्षी आल्या की वरची पायरी आधी बघायच्या. त्यांच्यापुढं राणी लाल काठात आणि मी अशी, हे मला झेपायचं नाही.

म्हणून विनवते, तिचं लुगडं बदल. दोन दिवस आहेत. पांढरं नको असेल तर राखाडी कर. नथ तरी काढ.

पायऱ्या माळ्यावरून काढायला सांगितल्या आहेत. कुजल्या नव्हत्या.

तुळसी

पिरियापट्टण
बुधवार, २४ सप्टेंबर

जये,

शनिवारी तू येऊन गेलीस, तरी लिहिते. समोर असताना तू फार बोललीस आणि मला निम्मं ऐकू आलं नाही. माझं पत्र मिळालं होतं का, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तू कोडबळ्याचा डबा पुढं केलास. मिळालं होतं, हे मला माहीत आहे.

शरण्याला सगळ्यांत आवडलं ते कंडक्टरचं. ती येईल त्याला सांगते. बायकांना बस फुकट झाल्यापासून राणीला तिकीट नाही, पण राजाचं काढावं लागेल, म्हणाला. आणि तू खरोखर अर्धं तिकीट काढलंस. ते इथं टेबलावर राहिलं होतं, मी ठेवलं आहे.

तू तीनच्या बसनं गेल्यावर मी राणीची नथ काढायला बसले. खरं सांगते. पिन बोटात धरली. मग तिच्याकडं बघितलं. तू डोळे नव्यानं रंगवलेस का ग? ती अशी बघत होती, मला काही धीर झाला नाही. म्हटलं, उद्या. रविवारी अमावास्या, म्हटलं आज नको. सोमवारी सकाळी शरण्यानं मला न विचारता दोघांना उचलून वर बसवलं, आणि वन्सं दारात.

रिक्षातून उतरल्या, पाय धुतले, आणि सरळ पायऱ्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. हात मागं बांधून. मी स्वयंपाकघराच्या दारात. शरण्या आरतीचं ताट हातात घेऊन मध्येच थांबली. किती वेळ उभ्या होत्या सांगता येणार नाही. शेगडीवर दूध होतं, ते उतू गेलं, वासावरून कळलं, तरी मी हलले नाही. राणीकडं बघितलं त्यांनी. शालू बघितला, काठ बघितला, नथ बघितली, कुंकू बघितलं. मग राजाकडं. मग पुन्हा जवळ जाऊन राजाकडं.

"तुळसी," म्हणाल्या. मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं. "राजाच्या मिश्या जरा जास्त नाहीत का झाल्या?"

तोवर मी त्याच्याकडं नीट बघितलंच नव्हतं, जये. राणीच्याच काळजीत होते. तेव्हा बघितलं.

मी म्हटलं, "वन्सं, ह्यांच्या तशाच होत्या."

त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं.

"नाही," म्हणाल्या. "त्याची डावी बाजू थोडी खाली यायची. मिसरूड फुटल्यापासून. तुझ्या मैत्रिणीला सांग, पुढल्या वर्षी डावीकडची थोडी वाढव."

तेवढं वहीत लिहून ठेव.

तुझी,
तुळसी